साच्यातला फुगवटा

हवाईतल्या मकाहाच्या किनाऱ्यावर माझ्या फळ्यांना मागणी होती आणि मला त्याचा माज चढला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

लाटेवर स्वार व्हायची फळी आखायला आम्ही प्लायवूडचा अर्धाच साचा वापरतो. मधल्या रेषेवर ठेवून एक बाजू आखायची, मग उलटा करून दुसरी. माझा साचा केआवे काकांचा होता. त्यांनीच मला हे काम शिकवलं. डोळे अधू झाले तसं त्यांनी काम सोडलं. ते होनोलुलूच्या इस्पितळात होते तेव्हा मी त्यांच्या शेडमधला साचा गुपचूप दुसऱ्या प्लायवूडवर गिरवून घेतला आणि मूळचा परत खिळ्याला अडकवला. दुसऱ्याच्या साच्यावरची फळी असली की पेन्सिलीनं आधी त्याचं नाव लिहायचं, मग आपलं, ही आमची रीत. वर राळ चढली की ते नाव कायमचं. चाळीस फळ्यांवर मी नुसतं माझं नाव, 'हिरामा', लिहिलं.

त्या साच्याला शेपटीजवळ नखभर फुगवटा होता. सगळी करामत त्यातच असणार, असं मला वाटलं. गिऱ्हाइकांना मी ऐटीत सांगायचो, "हा फुगवटा लाटेला धरून ठेवतो. तीन वर्षं डोकं खपवलंय त्याच्यासाठी."

स्पर्धेच्या दिवशी पाच-सहा जण वाळूत माझ्या फळीभोवती जमले होते. काका नातीचा, पुआनानीचा, हात धरून आले. "बघू रे पोरा," म्हणत खाली बसले आणि कडेवरून तळवा फिरवू लागले. शेपटीजवळ हात थांबला. मग दुसऱ्या कडेला, तिथंच, पुन्हा थांबला.

"हे कुणाचं डोकं?"

"माझंच, काका," मी बोलून गेलो.

"तुम्हाला नसतं सुचलं, काका!" कुणीतरी डिवचलं.

"नाही बाबा. मला कुठलं सुचायला?"

सगळे हसले. लाज म्हणजे, मीही हसलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुआनानीसाठी फळी सांगितली आणि शेजारी बसून राहिले. मी आखली, कापली. त्यांनी अंगठ्यानं शेपटीजवळची जागा शोधली आणि काचपेपर माझ्या हातात दिला.

"इथं घासून टाक. साचा कापताना माझी करवत घसरली होती. मी दर फळीला घासायचो." मग हळूच म्हणाले, "बाकीच्यांचं राहू दे. ही पोर घरची आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल चारचौघांत एका शब्दात त्यांना मला उघडं पाडता आलं असतं. मी मान खाली घालून घासत राहिलो. मग पेन्सिल घेतली.

"काय लिहितोयस?"

"नाव."

"कुणाचं?"

"तुमचं, काका."

"खाली तुझं लिही. रीत आहे."

त्यांचं नाव लिहून झालं. खाली पेन्सिल टेकवली. पण स्वतःचं नाव लिहायला हात धजेना.