अंगठ्यातली आग

मानुएलेच्या उजव्या पायाचा अंगठा पहाटेच पेटला, आणि नेमकं त्याच पहाटे शेजारच्या गावच्या ताउफाओ म्हाताऱ्याचं कुटुंब त्याच्या अंगणात येऊन बसलं. ताउफाओच्या नातवाने गाडीखाली मानुएलेच्या मुलाचा, इओआनेचा, पाय मोडला होता. म्हणून ही इफोंगा, माफी मागायची जुनी रीत. अपराध्याच्या घरच्यांनी डोक्यावर बारीक विणीची चटई घेऊन दारात बसायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याने बाहेर येऊन ती उचलायची. चटई उचलली की मिटलं. नाही उचलली तर दोन गावांत पुढे काय होतं ते म्हाताऱ्यांना विचारावं.

ऊन चढलं तरी मानुएले जागचा हलला नव्हता. घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे चटईखालची माणसं त्याला दिसत होती आणि रस्त्यावर जमलेल्या गावाला तो दिसत होता. गावाचा भाषण करणारा सरदार तो, एरवी उभा राहिला की ऐकणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येत. आज गाव कुजबुजत होतं की मानुएले माफ करायचा नाही.

त्याची मुलगी सिनालेई दवाखान्यात नर्स होती. तिने गोळी दिली आणि रविवारच्या मेजवानीतल्या डबाबंद गोमांसाचा आणि बिअरचा उद्धार केला. दुखणं येतं हत्तीच्या पावलाने, जातं मुंगीच्या. दुपारपर्यंत काही उतरणार नाही, हेही सांगितलं.

"युरिक अ‍ॅसिडचे खडे झालेत म्हणालीस ना सांध्यात? मग ते काढून टाक," तो खेकसला.

"खडे वर्षानुवर्षं तिथे पडून आहेत, बाबा. ते काही करत नाहीत. काल एका पेशीला ते खुपले आणि तिने हाक मारली. हाक म्हणजे रसायन, रक्तात सोडलेलं. ते लागलं तशा आणखी पेशी धावल्या, त्यांनी आणखी हाका मारल्या. ही सूज, ही लाली, ही आग, सगळी त्यांची करणी."

"म्हणजे माझीच माणसं मला जाळतायत."

"तुम्हाला वाचवायला आलेली."

मानुएलेने वळून पाहिलं. इओआने मागे पाय प्लास्टरमध्ये घेऊन झोपला होता. अपघाताच्या दिवशी मानुएलेने चौकात उभं राहून जे भाषण ठोकलं होतं, त्याने दोन्ही गावांतली पोरं दगड घेऊन निघाली होती. मुलाचा पाय डॉक्टरांनी सांधला. पण त्या भाषणापासून गाव धुमसतच होतं, आणि हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

"मग यांना थांबवतं कोण?"

"त्याच थांबवतात. धावून आलेल्या त्याच पेशी पुढे दुसरं रसायन सोडतात, आता पुरे म्हणणारं. कधी कधी उशीर करतात." तिने बाहेर पाहिलं. "बाबा, खरं सांगा. चालवत नाहीये, की चालायचं नाहीये?"

त्याला राग आला, कारण पोरीने बरोबर ओळखलं होतं. अंगठा दुखत होता हे खरं, पण सकाळपासून त्या अंगठ्याचा त्याला आधारही वाटत होता. तापू देत त्यांना उन्हात, असं तो मनातल्या मनात म्हणत होता. चटईखालून मघापासून कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं.

तो उठायला गेला, पण पाय टेकवेना. मग तो जमिनीवर बसला आणि बसल्याबसल्याच, हातांवर भार देत, अंगणात सरकू लागला. रस्त्यावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सरदाराला असं धुळीतून येताना गावाने पाहिलं नव्हतं.

त्याने चटई उचलली. ताउफाओ घामाने निथळत होता आणि त्याच्या कडेला नातू मान खाली घालून बसला होता. मानुएलेलाही आपल्यासारखंच जमिनीवर पाहून म्हाताऱ्याला रडू फुटलं. तो पुढे वाकला, आणि आधारासाठी टाकलेला त्याचा हात नेमका त्या अंगठ्यावर पडला.

मानुएलेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सरदार रडला, गाव म्हणालं, आणि बायका रडू लागल्या. त्यातलं किती पाणी अंगठ्याचं होतं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पाय मात्र त्याने ओढून घेतला नाही.