कोणाचं आणि कशाचं?

सासूबाईंच्या बटणांच्या दुकानात भिंतभर खण होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. गिऱ्हाईक आलं की त्या एवढंच विचारायच्या, "कोणाचं आणि कशाचं?" वकिलाचा कोट, बाळंतिणीचा झगा, शाळेचा सदरा, उत्तर काहीही असो, मान न वळवता त्यांचा हात मागे जाऊन नेमका खण ओढायचा.

सुनेच्या मते मात्र सगळा आनंदीआनंद होता. ती औषधांच्या गोदामात कामाला, तिथे गोळीलासुद्धा पत्ता असतो. इथे पांढरी बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत! सासूबाई दोन दिवस लेकीकडे गेल्या आणि हिने पदर खोचला. रंगाप्रमाणे खण, ठसठशीत चिठ्ठ्या.

नवरा खूश झाला. "आईचे श्रम वाचतील. नाहीतर तिचे हात-डोळे थकले की दुकानाला कुलूप, हे ठरलंच आहे आमचं."

सासूबाई परतल्या, चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं, "नीटनेटकं झालं" म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. तेवढ्यात शिंपी आला, वकिलाच्या कोटासाठी. हात मागे गेला, खण ओढला.

"बाई, काळ्या कोटाला गुलाबी? वकील आहेत ते, नाटकात नाहीत."

सासूबाई हसल्या, दुसरा खण ओढला. तोही चुकला. शेवटी सुनेनेच पुढे होऊन काळी बटणं दिली.

शिंपी गेला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. लग्न होऊन आल्यापासून या बाईंना तिने कोणालाही रंग विचारताना ऐकलं नव्हतं.

"आई, या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"तूच लिहिलंस, तूच वाच."

"आई..."

"कडेकडेचं दिसतं गं. मधलं गेलं. त्याला सांगू नकोस. दुकान गेलं तर घरात मी नुसती अडगळ."

सुनेला स्वतःचा भयंकर राग आला. भलं करायला गेली आणि बाईंच्या हाताखालची वाटच काढून घेतली.

"उद्याच्या उद्या डोळे दाखवायचे," ती म्हणाली.

"आणि तुझे रंग?"

"गेले चुलीत."

दोघी खण ओतून बसल्या. रंग सून सांगे, जागा सासूबाई. "हे गुळगुळीत, बाळंतिणीचं. बाळाला टोचायला नको."

संध्याकाळी नवरा आला. चिठ्ठ्या गायब. "पुन्हा पहिले पाढे पंचावन्न? आई, तुला दिसतंय ना नीट?"

सून खोटं बोलायला तोंड उघडणार, तोच सासूबाई उठल्या. त्यांनी लेकाचा सदरा गळ्यापासून चाचपला. तिसरं बटण नव्हतं. "कोणाचं ते विचारायला नको," असं म्हणत त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला आणि बटण त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते सदऱ्यावरच्या बाकीच्या बटणांशी ताडून पाहिलं. तंतोतंत तेच.

"नाही दिसत रे," त्या म्हणाल्या. "सापडतं मात्र सगळं."

त्याने बटण मुठीत धरलं. मग तो बायकोकडे वळला. "उद्या दुकान कधी उघडायचं?"

"डॉक्टरांकडून आल्यावर."