तक्रारींच्या डब्यात कौतुक

मी तक्रारींचा डबा बोलतोय. हौस म्हणून नाही. सांग सांग म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून तोंड उघडलं. आता मधे बोलू नका.

जन्माने मी बिस्किटांचा डबा. शिलाई कारखान्यातल्या सुताराने झाकणात फट पाडली, कुलूप घातलं आणि मला दाराशेजारी ठोकलं. बाजूला कागदांचा गठ्ठा, दोरीला पेन्सिल. तेव्हापासून माणसांची कुरकुर गिळतोय. पंखा फिरत नाही. अमकी कात्री पळवते. एकाने लिहिलं, ‘सोमवार फार लवकर येतो.’ त्याला मी काय करू, कपाळ?

निगरगट्ट झालो होतो. मग काजबटणवाली कामाला लागली. तिची पहिली चिठ्ठी पोटात पडली आणि मी हबकलोच. ‘इस्त्रीवाल्या काकांनी आज माझं जेवण इस्त्रीवर गरम करून दिलं.’ यात तक्रार कुठाय?

रोज सुटी झाली की एक चिठ्ठी. बायका हसायच्या, “अगं बाई, तक्रारीत कौतुक कसलं टाकतेस?”

“घरी सासूबाई, इथे मुकादम. दोघांच्या तोंडाला दार नाही. एक तरी बरं लिहिलं की मी घरी जाऊन कुणावर खेकसत नाही.”

“मग घरीच लिही की!”

“घरी सासूबाई वाचतील. इथे कोण वाचतंय?”

खरंच होतं. तीन वर्षं मला कुणी उघडलंच नाही.

मग काम घटलं. एकाला काढायचं ठरलं. मालक म्हणाले, “ज्याच्याविरुद्ध तक्रारी जास्त, तो जाईल.” किल्ली कधीच हरवलेली. हेडकारकुनाने पेचकसाने माझं झाकण उचकटलं. वाचायचा मात्र कंटाळा! चिठ्ठीत ज्याचा उल्लेख दिसला, त्याच्यापुढे फळ्यावर रेघ. इस्त्रीवाल्यापुढे रेघाच रेघा.

“काका, उद्यापासून येऊ नका. चारशे बारा तक्रारी आहेत तुमच्याविरुद्ध,” कारकून म्हणाला.

म्हातारा आपल्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिला. “इतका वाईट वागलो होय मी?” एवढंच पुटपुटला.

काजबटणवाली पांढरीफटक. मग तिने ढीग ओढला. “वाचा. मोठ्याने.”

“वेळ नाही मला.”

“मग मी वाचते. ‘बोटात सुई गेली, काकांनी स्वतःचा रुमाल फाडून बांधला.’ ‘काकांनी मुकादमाची नक्कल केली, पोट दुखेपर्यंत हसलो.’”

एकेक मशीन थांबलं. मुकादमाचे कान लाल झाले. दहा चिठ्ठ्या ऐकून मालक म्हणाले, “रेघा पुसा.”

“साहेब, डबाच तसला!” कारकून म्हणाला. “तक्रारीच्या डब्यात हे आलंच कसं?”

कुणालाच काढलं नाही. सगळ्यांच्या कामाचा एकेक तास कमी झाला. मला वाटलं, पोरगी आता धसका घेणार, पेन्सिलीला हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी आली. पेन्सिल उचलली, लिहिलंच: ‘आज काका कामावर आहेत.’ मी थक्क! त्याहून थक्क झालो, तिच्यामागे मुकादम पेन्सिलीची वाट बघत उभा होता म्हणून.

हल्ली झाकण बसत नाही, धूळ आत जाते. चालायचंच. चांगलं दिसलं तर लिहा बाबांनो, आणि वाचाल तर शेवटपर्यंत वाचा. माझं बोलून झालं. पण भर कारखान्यात माझ्यावर खोटा आळ आला, त्याची माफी अजून यायचीय. कुणाकडून काय विचारता? रोज माझ्यासमोरून मान वळवून जातो तो, हेडकारकून!