झुबेदाच्या घरची लाइन

मच्छीमार सोसायटीच्या दारावर नोटीस लागली तेव्हा झुबेदा सोलकर मिठाची गोणी आणायला तिथं गेली होती. नवीन जेटी होणार होती, तिथं ट्रक उभे करायला जागा हवी होती आणि ती जागा नोटिशीसोबतच्या नकाशात पिवळ्या रंगात दाखवली होती. त्यावर लिहिलं होतं, ‘मोकळी जागा’. झुबेदाने नकाशावर बोट ठेवून आधी खाडी शोधली, मग मशीद, मग स्वतःचं घर. पिवळा तुकडा तिच्या दारासमोर सुरू होत होता. म्हणजे ते वाळवणच होतं. ती आणि बंदरवाडीतल्या आणखी बावीस बायका तिथं मासळी सुकवत. पाऊस संपला की मे महिन्यापर्यंत तिथं बांगडा, मांदेली, जवळा पसरलेला असे, मधून चालायला वाट तेवढी सोडलेली.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं, त्यामुळे सुनावणी ऑनलाइन होती. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. बोलायचं असेल त्यांनी आधी नाव कळवायचं होतं.

सोसायटीचा चेअरमन फुजैल हा झुबेदाच्या नवऱ्याचा चुलत भाऊ. त्याचे स्वतःचे दोन ट्रॉलर होते आणि जेटी त्याला हवी होती. झुबेदाने त्याला विचारलं, तेव्हा त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की सोसायटीच्या ऑफिसातून तो सगळ्यांच्या वतीने बोलणार आहे. बायकांना बोलायचं असेल तर, असं तिने म्हणताच तो हसला. वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. रेंजसाठी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, चढावं लागे आणि तिथल्या वाऱ्यात पलीकडच्याला काही ऐकू जात नसे. ऑफिसातलं इंटरनेट कमिटीला लागणार होतं.

“भाभी, तुम्हा बायकांना ते जमायचं नाय,” फुजैल म्हणाला. “मी बोललो म्हणजे सगळ्यांचं झालं.”

“माझं नाय झालं,” झुबेदा म्हणाली आणि गोणी डोक्यावर घेऊन निघाली.

त्याच दुपारी ती शेजारच्या गोदाला घेऊन सड्यावर चढली. जांभ्या दगडावर बसून दोघींनी मोबाइलवरून तेवीसच्या तेवीस नावं पाठवली. मेसेज चार वेळा अडकला, पाचव्यांदा गेला. उतरताना गोदाने विचारलं की नावं तर गेली, आता बोलणार कुठून. झुबेदाने सांगितलं, माझ्या घरातून.

तिच्या घरात टेलिफोन होता. नवरा सुलेमान कुवेतला असताना, मुलगी महरीन जन्मली त्या वर्षी, त्याने तो घ्यायला लावला होता. पुढे वाडीतल्या सगळ्यांनी आपापले घरचे फोन काढून टाकले. सुलेमान वारल्याला चार वर्षं झाली होती, तरी झुबेदाने काढला नव्हता. रोज सकाळी ती रिसीव्हर उचलून कानाला लावी, आतला आवाज चालू आहे एवढं ऐकून खाली ठेवी. त्या फोनवरून तिने नाटे गावच्या टेलिफोन एक्सचेंजला विचारलं की या तारेवर इंटरनेट येतं का. तिकडून उत्तर आलं, येतं.

सोमवारी लाइनमन काशीराम मोटरसायकलवरून आला. राजापुराकडच्या आतल्या गावचा, निवृत्तीला आलेला माणूस. खाऱ्या हवेने छपराच्या पाख्याखालचा तारेचा सांधा हिरवा पडला होता. तो त्याने कापून नवा केला आणि भिंतीवर दोन भोकांची नवी डबी बसवली. एका चिठ्ठीवर युजरनेम आणि पासवर्ड लिहून दिला. मोडेम आणि राउटर एकातच असलेला डबा रत्नागिरीत मिळेल, तो आणून ठेवा, म्हणाला. तो स्वतः पुढच्या मंगळवारी येऊन चालू करून देणार होता, तोवर कशाला हात लावू नका असंही त्याने बजावलं. सुनावणी त्याच्या चार दिवस आधी होती. झुबेदाने त्याला चहा दिला आणि वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती रत्नागिरीला गेली. दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवत विचारलं की घरी बसवणार कोण, मुलगा आहे का. मीच बसवणार, तिने सांगितलं. त्याने खोका पुन्हा उघडून आतलं इंग्रजी पुस्तक तिला दाखवलं, जणू ते बघून ती विचार बदलेल. झुबेदाने पुस्तक परत आत सारलं आणि खोका बांधून मागितला.

बुधवारी मासळी उलटून झाल्यावर ती जमिनीवर खोका उघडून बसली. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण इंग्रजी अक्षरं तिला येत होती आणि पुस्तकात चित्रं होती. मिरजेला नर्सिंग शिकणाऱ्या महरीनचा जुना लॅपटॉप घरी होता. भिंतीवरच्या डबीतून बारीक वायर मोडेमच्या राखाडी भोकात गेली, जाड वायर पिवळ्या भोकातून लॅपटॉपला. डबीच्या दुसऱ्या भोकात टेलिफोन होताच. खोक्यात बोटाएवढी एक पांढरी डबी उरली. ती कशाची हे कळेना, म्हणून तिने ती जादा समजून परत खोक्यात टाकली. बटण दाबलं. पहिला दिवा लागला. दुसरा, डीएसएल लिहिलेला, बराच वेळ लुकलुकला आणि मग स्थिर झाला. तिसरा, इंटरनेटचा, तांबडा होता.

पुस्तकात दिलेला आकडा तिने लॅपटॉपवर टाकला, तसं मोडेमचं आतलं पान उघडलं. चिठ्ठीवरून युजरनेम घातलं, पासवर्ड घातला. दिवा तांबडाच. पुन्हा घातला. चार वेळा घालून झाल्यावर ती उठली, पाणी प्यायली आणि चिठ्ठी उजेडात धरून बसली. काशीरामने खाली आपला मोबाइल नंबर लिहिला होता. त्यातल्या प्रत्येक इंग्रजी एकाला (1) वर छोटा तिरका फाटा होता. पासवर्डमधल्या एकाला नव्हता. म्हणजे तो एक नव्हताच, ते इंग्रजी छोटं एल होतं. तिने एल टाकलं. दिवा हिरवा झाला.

मग वाय-फायचं नाव विचारणारं पान आलं. तिथं आधीपासून कसलीतरी अक्षरं आणि आकडे होते, ते पुसून तिने इंग्रजीत लिहिलं, VALVAN. पासवर्डही स्वतःचा घातला. संध्याकाळपर्यंत तो बावीस बायकांना पाठ झाला होता. फुजैलच्या घरात तो कुणी सांगितला नाही.

शुक्रवारी साडेदहाला झुबेदाच्या घराच्या ओटीवर बायका दाटून बसल्या. लॅपटॉप, आता वायरशिवाय, टेबलावर ठेवला होता. पडद्यावर सुनावणी अधिकारी आले, कुठली कुठली माणसं आली, एका चौकोनात सोसायटीचं ऑफिस आणि फुजैल दिसला. त्यालाही ह्या सगळ्या दिसल्या असणार. नावं पुकारली जाऊ लागली. झुबेदाचं सातवं होतं. पाचवा माणूस बोलत असताना टेलिफोन वाजला. पडद्यावरचा माणूस अडखळला. गोदाने सवयीने रिसीव्हर उचलला, आणि पडदा थिजला.

“फुजैल हाय,” गोदा म्हणाली. “बंद करा म्हणतो. वाडीची शोभा होते म्हणतो.”

झुबेदा मोडेमकडे बघत होती. तिसरा दिवा विझला होता, दुसरा पुन्हा लुकलुकत होता. फोन आला आणि नेट गेलं, एवढं तिला कळलं. दोन्ही एकाच तारेवर होते. गोदाच्या हातातून रिसीव्हर घेऊन तिने ठेवला, तर लगेच पुन्हा घंटा सुरू झाली. सुलेमानच्या त्या फोनची वायर आजवर कुणी भिंतीतून काढली नव्हती. झुबेदाने क्षणभर तिच्यावर हात ठेवला आणि मग ती ओढून काढली. घंटा थांबली.

दोन मिनिटं गेली. डीएसएलचा दिवा स्थिर झाला, मग तिसरा हिरवा. पुन्हा सुनावणीत शिरेपर्यंत नववा माणूस बोलत होता. त्याचं संपल्यावर अधिकारी दहावं नाव घेणार, तेवढ्यात झुबेदाने माइक चालू केला.

“साहेब, माझं नाव सातवं होतं. झुबेदा सुलेमान सोलकर. लाइन गेली होती, मी गेले नव्हते.”

क्रम निघून गेला आहे, लेखी म्हणणं पाठवा, असं अधिकारी म्हणाले. ती तशीच बोलत राहिली. नकाशात ती जागा मोकळी दाखवली आहे, तेव्हा साहेबांनी ती एकदा बघावी, असं म्हणून तिने लॅपटॉप उचलला आणि ओटीवरून खाली उतरली. बायका बाजूला झाल्या. पडद्याच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या पट्ट्या तीनच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. शेवटची पट्टी जाण्याआधी ती थांबली आणि लॅपटॉप वाळवणाकडे फिरवला. उन्हात बांगड्याच्या रांगा पार खाडीपर्यंत गेल्या होत्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कुणाचं आहे. झुबेदाने लॅपटॉप गोदाकडे वळवला. गोदा पुढे झाली, आपल्या रांगेपाशी उभी राहिली आणि ओरडून आपलं नाव सांगितलं. मग सावित्री. मग समरीन. एकेक बाई आपापल्या मासळीजवळ जाऊन नाव सांगत गेली आणि झुबेदा हात दुखेपर्यंत लॅपटॉप धरून उभी राहिली. तेविसाव्या नावापर्यंत अधिकाऱ्यांनी कुणाला थांबवलं नाही. शेवटी त्यांनी नोंद करायला सांगितली की जागा मोकळी नाही आणि पाहणी व्हावी. फुजैलचा चौकोन पडद्यावरून गेला होता.

मंगळवारी काशीराम आला, सगळं चालू बघून जरा हिरमुसला. खोक्यातली पांढरी डबी काढून त्याने सांगितलं की फोन आणि मोडेम वेगळे ठेवायला ती असते, आणि बसवून दिली. तेव्हापासून फोन वाजला तरी नेट जात नाही.

पाहणी पुढच्या महिन्यात झाली. निकाल आला त्यात अर्धं वाळवण राहिलं, अर्धं ट्रकांना गेलं. फुजैल येऊन म्हणाला की अर्धं तरी वाचलं, आता गप बसा. झुबेदाने त्याला बसायला खुर्ची दिली आणि त्याच्यासमोरच अपिलाचा अर्ज लॅपटॉपवरून पाठवला. दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यांनी दोन अर्ध्यांच्या मधल्या हद्दीवर खुंट्या ठोकल्या. ते गेल्यावर बायकांनी टोपल्या उचलल्या आणि खुंट्यांच्या पलीकडे, रोजच्या जागेवर, मांदेली पसरली.