उष्णता झालीय, म्हणे!

आठ महिने आमच्या दिवा गावातल्या घरात या एका शब्दावर दवापाणी चाललेलं. नवऱ्याला, गोविंदाला, लघवीच्या जागी फोड आलेला. मला कळलं ते धुण्यातल्या चड्डीच्या डागावरून. आपणहून सांगेल तर तो गोविंदा कसला! विचारलं तर म्हणाला, "अगं, उष्णता झालीय. सगळा जन्म मिठागराच्या उन्हात गेला, दुसरं काय होणार?" मग सासूने सब्जा भिजवला, धण्याचं पाणी सुरू केलं. मीही येडी, रोज तांब्या भरून देत राहिले.

फोड फुलकोबीसारखा वाढला, वास यायला लागला. गोविंदा ओटीवर वेगळा झोपायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उष्णता म्हणे! ऊठ, गोविंदा, नाहीतर गावदेवीसमोर बोंब मारीन." तसाच ओढत ठाण्याला दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी मला एका जागी बसवेना. बाकड्यावर टेकायचे, उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. गोविंदा वैतागला. "बस ना गं, चक्कर येते तुला बघून."

शेवटी आत बोलावून समोर बसवलं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. निम्मं इंद्रिय काढावं लागेल. आत्ता केलं तर वाचतील. थांबलात तर जांघेत उतरेल, मग माझ्या हातात नाही." आणि सहीचा कागद पुढे सरकवला.

गोविंदा ताडकन उठला. "मला नाय करायचं. तेच कापलं तर पुरुषाचं राहिलं काय? मी घरी चाललो."

"राहिलं काय?" मी ओरडले. बाहेरची माणसं वाकून बघायला लागली, बघू देत. "मी राहिले! दोन पोरी राहिल्या! लाज वाटते म्हणून मरतोस काय रे?"

तो दाराशी पोचलेलासुद्धा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "थांबा, ऐकून तर जा. तिथे आधी चामखिळीसारखं काही आलेलं ना? त्याच्यामागे एक विषाणू असतो. बाईपुरुषाच्या संबंधातून लागतो. पुष्कळांचा आपोआप जातो, काहींच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो आणि कधीतरी हे असं करतो. उन्हाचा याच्याशी काही संबंध नाही."

संबंधातून! मी गोविंदाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. "लग्नाच्या आधीचं आहे," एवढंच पुटपुटला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोळा वर्षं, आणि हे आज कळतंय?

"कुणाकडून कुणाला, ते आता शोधून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ताई, तोच विषाणू बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशीही बसतो. तिथेही कॅन्सर करू शकतो. तुम्हाला काही त्रास? पाळी नसताना लाल जाणं वगैरे?"

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, गोविंदासाठी. विचारलेल्याचं उत्तर मात्र सवयीने आपोआप निघालं.

"काही नाही हो. चार महिने जातंय थोडं मधेमधे. उष्णता झालीय."

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं.

गोविंदा दारातून परत आला. कधी नव्हे तो माझ्याकडे सरळ बघत होता, आणि त्याचे डोळे भरलेले. त्याने कागद ओढला. "सही कुठे करू?" घाईत नाव ओळीखाली गेलं. पेन ठेवून म्हणाला, "माझं काय करायचं ते करा. पण आधी हिला बघा. बाईडॉक्टर कुठे बसतात?"

मग सगळ्यांदेखत त्याने माझा हात धरला.

"उष्णता म्हणे! ऊठ, बायजा."

सकाळपासून एका जागी न टिकलेली मी. आता उठायचं म्हटलं तर पायच उचलेनात.