बाईंचं पाणी

मित्रांनो, द्रव कसे वाहतात आणि स्फटिक कसे घडतात, या दोन थोर शास्त्रांचा बीड जिल्ह्यातला इतिहास माझ्यातून गेला आहे. मी तो अडवू शकलो नाही, कारण माझ्या बुडाला भोक आहे.

मी एक जुना पितळी पेला आहे. महादेवीबाईंनी मला गेवराईच्या तांबटाकडून घडवून घेतलं. बाई अंबाजोगाईच्या. घर किराणा दुकानदारांचं, डोकं शास्त्रज्ञाचं. सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या माझ्यात उसाचा पाक ओतत आणि तो किती सेकंदांत निथळतो ते मोजत. ताज्या उसाचा पाक साठ सेकंदांत जाई, उन्हात पडलेल्या उसाचा नव्वद घेई. "पाक जड वाहिला, की साखरेचा कण लांबट होणार," बाई म्हणत. वाहणं आणि घडणं यांची ही सोयरीक आमच्या भागाला त्यांनीच दाखवली.

रोज सकाळी त्या आधी माझ्यातून साधं पाणी मोजत. बारा सेकंदांत गेलं, तर मी खरा. या परीक्षेचा मला फार गर्व होता.

शहाऐंशीच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तसा सगळ्यांनी एकदम ऊस तोडला. अध्यक्ष सुंदररावांच्या भावकीच्या गाड्या थेट वजनकाट्यावर जात. उमापूरच्या आप्पांची गाडी तीन दिवस आवारातच उभी होती.

"ऊस वाळतोय, रांगेनं घ्या," बाई म्हणाल्या.

"बाई, उद्या पाहुणे येणार हायेत पाहणीला," सुंदरराव म्हणाले. "त्यांच्यासमोर पेला लावा. ऊस शिळा निघाला तर उमापूरच्या गाड्या आधी घेतो. माझा शबूद हाय."

पाहुणे येणार म्हणून शिपाई बंकटनं मला चिंच-राखेनं घासलं. एवढ्यावर भागलं असतं. पण भोकात जुना पाक अडकलेला दिसला, म्हणून त्यानं मोठ्या भक्तिभावानं त्यात खिळा फिरवला. आणि त्या सकाळी माझी परीक्षाही झाली नाही. प्रयोगशाळेचं पाणी रस्त्यावरची धूळ बसवायला नेलं होतं. दुष्काळाची पाहणी होती ना.

बाईंनी आप्पांच्या गाडीतला ऊस पिळून पाक केला, माझ्यात ओतला. बासष्ट सेकंद.

"ताजा हाय की!" सुंदरराव म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धडधडीत खोटं बोललो होतो आणि वर चमकत होतो.

उरलेला पाक बाईंनी तसाच ठेवला. कण धरायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत आप्पांचा पांढरा बैल शिंपडलेल्या रस्त्यावरची ओल चाटत खाली बसला, तो उठला नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंनी कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सुंदरराव वाकले. "वा! बासमतीच की!"

मग बाईंनी आप्पांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला. "साखर चौकोनी आसती न्हवं? ही लांबली कावून?"

"ऊस तीन दिवस उन्हात थांबला म्हणून."

"ऊस लांबला व्हय," आप्पा म्हणाले. "माझा बैल आडवाच झाला."

सुंदररावांनी वजनकाट्यावर निरोप धाडला. दुपारी गाड्या रांगेनं सुटल्या. आप्पांची गाडी मात्र एकाच बैलावर अडून होती, ती माणसांनी ओढत काट्यावर नेली.

संध्याकाळी बाईंनी माझ्यातून पाणी मोजलं. आठ सेकंद. बंकट रडायला लागला. बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, ‘चूक माझी. पाणी मोजलं नाही.’ त्यांची चूक म्हणे! मी तिथल्या तिथं काळा पडलो. लोक म्हणाले, पितळ आहे, पडणारच.

पुढं कारखाना बंद पडला. बाईही गेल्या. पण अंबाजोगाईच्या एका कॉलेजात आजही पाक असो की तेल, मुली आधी पाणी मोजतात. त्याला ‘बाईंचं पाणी’ म्हणतात. आणि कण बघितल्याशिवाय तिथं कुणी आकड्यावर विसंबत नाही.

आता तिथंच मला काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. खाली पाटी लागणार आहे, ‘सत्य सांगणारा पेला’. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला चकचकीत नाही केलंत तरी चालेल, तिला खरी राहू द्या. भोक साफ करायला कोमट पाणी पुरतं, खिळा लागत नाही. पाटीबद्दल माझी तक्रार नाही, ती सोसेन मी.

फक्त मला पालथं ठेवू नका. भोक दिसतं.