दिवस मावळायच्या आत

साडेपाच वाजले की पद्मावती फोन घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसायच्या. तिथं रेंज चांगली यायची आणि पश्चिमेकडचं आभाळही दिसायचं. सून पूर्णिमा तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन शेजारी टेकायची, कारण व्हिडिओ कॉल सासूबाईंना अजून साधत नव्हता. त्यांचं बोट नेमकं लाल बटणावरच पडायचं.

तिकडे स्वीडनच्या उत्तरेला तेव्हा दुपारचा एक झालेला असायचा. शिकायला गेलेल्या लेकीचा, भाग्यश्रीचा, चेहरा दिसतोय न दिसतोय तोवर पद्मावती म्हणायच्या, "ताट दाखव."

भाग्यश्री फोन खाली वळवायची. भात, वरण, कोबीची भाजी, कडेला पापड.

"बटाटा न्हाय न्हवं?"

"न्हाय गं आई."

"कांदा, लसूण?"

"आई, मी घालीन व्हय?"

"बरं, बस जेवायला. मावळायच्या आत आटप."

की फोन बंद. मग पद्मावती समाधानानं आत जाऊन आपलं ताट वाढून घ्यायच्या. राजारामपुरीतल्या त्या घरात दिवा लागल्यावर कुणी घास घेत नसे. पद्मावतींच्या नवऱ्याचं, बापूसोंचं, पेंड-भुश्श्याचं दुकान होतं. तेसुद्धा उजेड असताना येऊन जेवून जात आणि मग पुन्हा दुकानाकडे वळत.

लेकीला परदेशी शिकायला पाठवायची म्हटल्यावर पद्मावतींनी एकच अट घातली होती. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला साध्वी माताजी आलेल्या होत्या, त्यांच्यासमोर भाग्यश्रीला नेऊन बसवलं आणि रात्री न जेवण्याचा नेम घ्यायला लावला. भाग्यश्रीनंही हसत घेतला. जन्मापासून पाळत आलेलीच गोष्ट, त्यात नवीन ते काय! तिथं पोचल्यावर तर तिनं एक व्हिडिओ पाठवला. रात्रीचे आठ वाजलेले आणि खिडकीत लख्ख ऊन. बापूसोंनी तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. "बघा पावणं, माझ्या पोरीला नेम पाळायला देवानं सूर्यच अडवून धरलाय," म्हणून मांडीवर थाप मारली. त्या उन्हाकडं बघताना थंडीत तिथं काय होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

डिसेंबरात बापूसोंनीच मोबाइलवर पाहून सांगितलं, "अगं, भागूचा सूर्य आणि आपला सूर्य आता जवळजवळ एकदमच मावळतोय की!" पद्मावतींनी हात जोडले. त्यांना तो आशीर्वादच वाटला. तिथं तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

लक्षात आलं पूर्णिमाच्या. तेही पापडामुळं.

पापडाला एका बाजूनं चावल्यासारखा तुकडा गेलेला होता आणि मध्ये जळका डाग. आदल्या दिवशीही तसाच होता. त्याच्याही आदल्या दिवशी. भाताचा डोंगर तसाच, वरणावर साय धरलेली. पूर्णिमानं पहिल्यांदाच ताटावरची नजर काढून नणंदेकडं नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली. फोन धरलेली मूठ अशी आवळलेली, की पूर्णिमाला मांडीवरची बाळी आठवली. पोरीचं पोट भरलं की तिची मूठ आपोआप सैल पडायची, भूक असली की वळलेली. आणि मग दुसराच विचार डोक्यात शिरला. ही रोज दुपारी एक वाजता खोलीत कशी? हिचा वर्ग कधी असतो?

दुसऱ्या दिवशी सासूबाई बस्तीत गेल्या होत्या. पूर्णिमानं बाळीला पाजता पाजता एका हातानं फोन लावला. वयानं दोघी बरोबरीच्या, एकमेकींशी अगं-तुगं करणाऱ्या. बऱ्याच वेळानं तिकडून उचलला गेला. पांघरुणातून एक डोळा दिसला.

"झोपलीयस अजून?"

"किती वाजले?"

"तुझे बारा वाजलेत. चेहऱ्यावर पण." हसवायला म्हणून पूर्णिमा बोलली, पण तिकडं कुणी हसलं नाही. "भागू, ते ताट तू खातेस का?"

भाग्यश्री पांघरुणातून उठून बसली.

"वहिनी, आईला सांगू नको."

"आधी मला तर सांग."

मग भाग्यश्री तुटक तुटक बोलत गेली. सकाळी नऊ वाजून गेल्यावर उजाडतं. गजर वाजतो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख, अंगात उठायचं बळच नसतं. डोळा उघडतो तेव्हा दुपार. आईचा फोन येतो, ताट दाखवायचं, पण तोंडाला काही गोड लागत नाही. थोडा वेळ नुसतंच बसून राहते, तोवर खिडकी काळी पडते. आणि चार-पाच वाजले की सपाटून भूक लागते. पण तेव्हा अंधार असतो.

"मग रात्री भुकेनं झोप लागत न्हाय. पहाटे लागते. की परत तेच. वर्गाला गेले न्हाय बरेच दिवस. पहिल्यांदा मॅडमचं ईमेल यायचं, आता ते पण न्हाय."

"अगं, मग खायचं की अंधारात! कोण बघतंय?"

"कोण बघत न्हाय म्हणून तर," भाग्यश्री म्हणाली. "डबा उघडते गं मी. दोन-तीनदा उघडला. हात जात न्हाय. आपलं घर दिसतं, आई दिसते. शेजारच्या खोलीतली पोरगी परवा विचारत होती, तू डाएटवर हायस काय. काय सांगू तिला?" मग अगदी हळू म्हणाली, "आईला कळलं तर म्हणंल, ये परत. मला परत यायचं न्हाय, वहिनी. शिकायचंय. पण असं राहायला पण जमंना झालंय."

बाळी दूध पिता पिता झोपून गेली होती. पूर्णिमानं फोन ठेवला. सांगितलं तर पोरगीचं शिक्षण जाईल, आणि न सांगावं तर पोरगीच हातची जायची. तिचा नवरा श्रेयस इचलकरंजीला कामावर, तो आठवड्यानं येणार. आणि त्याला सांगून तरी काय, तो आईकडंच बोट दाखवणार. तिच्या स्वतःच्या माहेरी कांदा चालायचा. त्यावरून या घरात तिला लग्नापासून ऐकावं लागत होतं. तिनं नेमाबद्दल तोंड उघडणं म्हणजे आपणहून विस्तव हातात घेणं.

तरीही संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आज फोन लावायच्या आधी थोडं बोलायचंय."

पायरीवरच सगळं सांगितलं. पापडाचंही. पद्मावतींचा चेहरा आधी लाल झाला.

"म्हंजे रोज खोटं दाखवती मला?"

"नेम मोडवत न्हाय म्हणून उपाशी राहती हो ती."

"तुमच्यात कांदा चालतोय म्हणून सगळंच चालतंय असं न्हाय, पूर्णिमा. सकाळी उठावं, खावं. आम्ही काय पहाटे उठून गोठा केला न्हाय व्हय?"

"तिथं पहाटच होत न्हाय, आई."

जेवायला आलेले बापूसो दारातच थांबले होते. ते म्हणाले, "बोलवून घेऊ परत. हितं काय कॉलेजं न्हाईत?"

"ती न्हाय यायची, आण्णा," पूर्णिमा सासऱ्यांना म्हणाली. "आणि आली तरी अशीच येईल. अर्धी."

पद्मावती उठून आत गेल्या. त्यांनी ताट वाढून घेतलं, समोर बसल्या, आणि भाताला हातही लावला नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, तांबडं झालं, गेलं. बापूसो दोनदा म्हणाले, "जेव की गं, वेळ चाललीय." अंधार पडला तेव्हा पद्मावतींनी ताट झाकलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "लाव तिला फोन."

पडद्यावर भाग्यश्री दिसली. मागची खिडकी काळी.

"भागू, जेव."

"आई... दिवस मावळला गं."

"दिसतंय मला. डोळे हायत मला. जेव."

"पण नेम—"

"नेम मी घ्यायला लावला न्हवं तुला? मग मीच सांगते, जेव. दोष लागला तर मला लागू दे. जेव बघू माझ्यासमोर."

भाग्यश्रीनं पूर्णिमाकडं पाहिलं, मग डबा ओढला. तिनं पहिला घास उचलला. घास गेला. दुसरा गेला. मग ती लहान पोरासारखी घाईघाईनं खायला लागली, नाक वाहतंय, डोळे वाहतायत, खातेय. पद्मावतींनी फोन सुनेच्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. जाताना त्यांची पावलं अशी पडत होती, जणू घरातलं कुणी गेलंय.

त्यानंतर साडेपाचचा फोन बंद झाला. आता फोन रात्री आठच्या पुढं येतो. तेव्हा तिकडं भाग्यश्री वर्गातून परतलेली असते. मॅडमनं एक परीक्षा पुन्हा द्यायची परवानगी दिलीय. शेजारच्या खोलीतल्या पोरीबरोबर ती बर्फात वापरायचे बूट घेऊन आली. एकदा घसरून पडली, त्याचं वर्णन करताना स्वतःच हसली. गालांवर थोडं मांस आलंय. अजून मध्येच गप्प होते, खिडकीकडं बघत राहते, पण उठते, जाते, खाते.

पद्मावती मात्र फोनवर येत नाहीत. दुसऱ्याच दिवशी बस्तीत जाऊन त्यांनी एकासन धरलं. दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं, भागू शिकून घरी येईपर्यंत. बापूसो रागावले, श्रेयस येऊन ओरडून गेला. त्या एवढंच म्हणाल्या, "तिचा नेम मोडला. कुणीतरी पाळाय नको?" त्यांचं पोलकं आता खांद्यावर ढिलं बसतं. संध्याकाळी चक्कर येते म्हणून त्या भिंत धरून चालतात, आणि पूर्णिमा मागं मागं राहते, धरते आहे असं न दाखवता.

"आई कुठाय?" भाग्यश्री रोज विचारते.

"झोपल्या लवकर." कधी, "बस्तीत गेल्यात."

"माझ्यावर रागावलीय का गं?"

"छे! तुझंच कौतुक सांगत असतात दिवसभर."

"आणि जेवते का नीट?"

पूर्णिमाला ठाऊक होतं, खरं सांगितलं तर तो तिकडचा हात पुन्हा डब्याशी थांबेल. बाळीला तिनं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"जेवतात की. चांगल्या जेवतात. तू जेव."

पलीकडून चमच्याचा आवाज यायला लागला. आत स्वयंपाकघरात दिवा नव्हता. तिथं पद्मावती पाटावर बसल्या होत्या, आणि तो आवाज येत होता तोवर त्यांच्या बोटांतली जपमाळ पुढं सरकत नव्हती.